कलम तीन मोडलं म्हणून मित्राला गटातून काढलं. सगळ्याच चळवळींत असं होतं का?

खाडीपलीकडचा · ९ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण आहे, पण वाचा.

दापोली तालुक्यात आम्ही पाच जण मिळून चित्रं काढायचो. एक आंब्याची पॅकिंग शेड आहे, हंगाम सरला की पुढचे आठ-नऊ महिने रिकामीच. मालकाने ती फुकट वापरायला दिली. अट एकच, पेट्यांच्या थप्पीला रंग लागता कामा नये. तीन वर्षं तिथे काम केलं. दोन प्रदर्शनं केली, एक शाळेच्या हॉलमध्ये आणि दुसरं एका मंगल कार्यालयात (मुहूर्त नव्हता म्हणून स्वस्तात मिळालं). गटाचं नाव इथे लिहीत नाही, कारण पहिलं भांडण नावावरूनच झालं होतं.

मागच्या पावसात जाहीरनामा लिहिला. नऊ कलमं. कलम तीन असं: समुद्र, होडी, माड, कौलारू घर आणि सूर्यास्त यांचं चित्र गटातलं कोणीही काढणार नाही. कोकणातला चित्रकार म्हटला की गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं, त्याचा वीट आला होता. पाचही जणांनी सह्या केल्या.

गेल्या महिन्यात कळलं की आमच्यातल्या एकाने एका रिसॉर्टला १४ चित्रं विकली. चौदाच्या चौदा होड्या. आणि खाली सहीसोबत गटाचं नाव. बैठक बसली. तो एवढंच म्हणाला, "होडी माझ्या घरातली आहे, तुमच्या कलमातली नाही." आवाज चढले. मत घेतलं, तीन विरुद्ध एक. त्याच रात्री त्याला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. सकाळी आणखी एक जण आपणहून बाहेर पडली. उरलो तीन.

पॅरिसच्या सररिअलिस्टांमध्ये (स्वप्नं आणि मनाच्या तळातलं लिहिणारे-रंगवणारे) म्हणे हेच चालायचं, त्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ सारखा कोणाला तरी काढायचा. आपल्याकडचे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्सही (मुंबईतला चित्रकारांचा गट) नऊ वर्षांत संपले. त्यातला सुझा गोव्याचा, आणि बाकरे तर शेवटी आमच्याच तालुक्यात राहिले. मला नीट समजून घ्यायचंय. तिथे कोणाला कशासाठी काढलं? भांडण खरंच तत्त्वाचं होतं की मागे दुसरंच काही? आणि काढलेला माणूस परत येतो का?

निवृत्त ड्रॉइंगमास्तर · १० जुलै, सकाळी ६:१५

मी ३१ वर्षं ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. स्मरणचित्र काढा म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली होडी आणि आकाशात चारचे मराठी आकडे उलटे, ते पक्षी. म्हणून तुमचं कलम तीन वाचून पहिल्यांदा मी टाळी वाजवली. मग पुढचं वाचलं आणि चहा गार झाला.

आधी पॅरिस. ब्रेताँला लोक 'सररिअलिझमचा पोप' म्हणायचे, ते काही कौतुकाने नव्हे. पण त्याची सुरुवातच दुसऱ्याच्या मांडवात भांडण करून झालेली. दादा चळवळ, म्हणजे कलेचीच टर उडवणारी मंडळी, झुरिकला १९१६ मध्ये उभी राहिली. तिच्यातला त्रिस्तान झारा १९२० ला पॅरिसला आला तेव्हा ब्रेताँ आणि त्याच्या दोस्तांनी त्याला डोक्यावर घेऊन नाचवलं. तीन वर्षांत प्रकरण काठीवर आलं, अगदी शब्दशः. ६ जुलै १९२३ च्या रात्री थिएत्र मिशेलमध्ये झाराचा कार्यक्रम चालू असताना ब्रेताँ रंगमंचावर चढला आणि पिएर द मासो या कवीचा हात त्याने छडीने मोडला. पोलीस आले. आपल्याकडे शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्या भिडल्या की शहरातले लोक नाकं मुरडतात. हे तर पॅरिसचे कवी.

पुढचं भांडण नावाचं, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. 'सररिअलिस्ट' हा शब्द आपोलिनेर या कवीने १९१७ मध्ये घडवला आणि दुसऱ्या वर्षी तो वारला. आता शब्दाचा सातबारा कोणाच्या नावावर? १९२४ च्या ऑक्टोबरात इव्हान गॉलने आपला सररिअलिझमचा जाहीरनामा काढला, आणि दोन आठवड्यांच्या आत ब्रेताँने स्वतःचा. टिकला ब्रेताँचा. गॉलचं नाव आज किती जण घेतात?

मग काढाकाढी. १९२६ च्या नोव्हेंबरात आंतोनँ आर्तो आणि फिलिप सुपो यांना बाहेरची वाट दाखवली. सुपो कोण? ज्याच्या मांडीला मांडी लावून ब्रेताँने 'चुंबकीय क्षेत्रे' हे स्वयंलेखनाचं (मनात येईल ते न थांबता लिहीत जायचं) पहिलं पुस्तक लिहिलं तो. यामागचं कारण समजून घे, कारण नुसता हेकेखोरपणा म्हणून सोडून दिलं तर काहीच कळत नाही. या मंडळींना नुसत्या कविता करायच्या नव्हत्या, क्रांती करायची होती. १९२७ च्या सुरुवातीला ब्रेताँ, आरागाँ, एल्युआर, पेरे आणि युनिक कम्युनिस्ट पक्षात गेले. पक्षाला हे स्वप्नबिप्न बघणारे लोक संशयास्पद वाटायचे. म्हणजे इकडे पक्षाला दाखवायचं की आम्ही शिस्तीचे आहोत, तिकडे गटाला दाखवायचं की आम्ही कोणाचे ताबेदार नाही. दोन दगडांवर पाय ठेवलेला माणूस तिसऱ्याला ढकलतो. त्यातून रोज संध्याकाळी ठरलेल्या कॅफेत हजेरी. कोण आला, कोण आला नाही, कोण वर्तमानपत्रात पैशासाठी लिहितो, सगळ्याची नोंद. रोज भेटणाऱ्या लोकांत जेवढं विष साठतं तेवढं वर्षातून एकदा भेटणाऱ्यांत साठत नाही. हे मी भजनी मंडळात पाहिलं आहे.

१९२९ च्या डिसेंबरात ब्रेताँचा दुसरा जाहीरनामा आला. त्यात आर्तो, मासाँ, देस्नोस, बताय, एकेकाला नाव घेऊन झोडपलं. महिन्याभरात, जानेवारी १९३० मध्ये, बारा जणांनी 'एक प्रेत' नावाचं पत्रक काढून परतफेड केली. वर ब्रेताँचा फोटो, डोळे मिटलेले, कपाळावर काट्यांचा मुकुट. आणि गंमत म्हणजे हेच शीर्षक १९२४ मध्ये अनातोल फ्रान्स वारल्यावर ब्रेताँच्याच टोळीने त्याच्यावर वापरलं होतं. आपलीच वीट आपल्याच डोक्यात.

चित्रकार दालीची चौकशी १९३४ च्या फेब्रुवारीत ब्रेताँच्या घरी झाली. त्याने लेनिनचं टवाळी केल्यासारखं चित्र काढलं होतं आणि हिटलरविषयी वाटेल ते बरळत होता. पठ्ठ्या तोंडात थर्मामीटर धरून आला, सर्दी झाली म्हणून, आणि चौकशी चालू असताना अंगावरचे स्वेटर एकामागून एक काढत राहिला. त्या रात्री तो पुरता बाहेर गेलाच नाही, पुढची काही वर्षं त्यांच्या प्रदर्शनांत होता. चौकशी करणाऱ्यांनाच हसू फुटलं तर निकाल कसला लागणार! पुढे ब्रेताँने त्याच्या नावाची अक्षरं फिरवून 'आविदा डॉलर्स' केलं, म्हणजे पैशाचा हावरा.

आता तुझ्या कामाचं. १९३५ मध्ये जाकोमेत्ती या शिल्पकाराला बाहेर जावं लागलं. गुन्हा काय, तर समोर माणूस बसवून त्याचं डोकं घडवायला लागला. डोकं कसं असतं हे काय सगळ्यांना माहीत आहे, असा ब्रेताँचा सूर. जाकोमेत्ती नंतर ३० वर्षं जगला आणि समोर बसलेल्या माणसांची डोकीच घडवत राहिला. तरी शेवटपर्यंत म्हणायचा की डोकं मला जमत नाही.

डोक्याच्या जागी होडी घाल आणि पुन्हा वाच.

मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराला १९५४ ला व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचं मोठं बक्षीस मिळालं. बक्षीस घेतलं म्हणून हाकलला. आणि दालीला हावरा म्हणणारा, अर्न्स्टच्या बक्षिसावर नाक मुरडणारा ब्रेताँ स्वतः पोट कशावर भरत होता? चित्रांच्या खरेदी-विक्रीवर. जाक दूसे नावाच्या श्रीमंत शिंप्याला, म्हणजे फॅशनवाल्याला, कुठली चित्रं घे हे तो पगार घेऊन सांगायचा. पिकासोचं ते पाच बायांचं प्रसिद्ध चित्र दूसेने ब्रेताँच्या सांगण्यावरून घेतलं. १९३७ मध्ये ब्रेताँने कलावस्तूंचं दुकानही काढलं होतं. मी त्याला दोष देत नाही. फक्त म्हणतो की कलम लिहिणाऱ्याचा पगार कुठून येतो हे आधी बघावं.

परत येतात का? येतात. ज्याच्या कार्यक्रमात हाड मोडलं तो झारा १९३० च्या सुमाराला ब्रेताँबरोबर परत होता. बतायने 'एक प्रेत'वर सही केली, आणि १९३५ मध्ये तो आणि ब्रेताँ फॅसिझमविरोधी गटात एकत्र आले. पुढच्याच वर्षी पुन्हा फाटलं, ते सोड. आर्तो नऊ वर्षं वेड्यांच्या इस्पितळांत काढून १९४६ ला सुटला, तेव्हा त्याच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ब्रेताँ बोलायला उभा राहिला. वीस वर्षं लागली.

आता आपले प्रोग्रेसिव्ह. इथे 'काढलं' हा शब्द लागू नाही. १९४७ मध्ये सहा जण: सुझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे. सुझाला १९४५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढलं होतं, कम्युनिस्टही होता, त्यामुळे पहिला जाहीरनामा जनतेसाठी वगैरे. १९४९ च्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याच सुझाने लिहिलं की ते डावं वेड आम्ही सोडलं, लोक आणि चित्रकार यांच्यातली दरी बुजत नाही, आम्ही आता मोकळेपणाने रंगवणार. म्हणजे स्वतःचं कलम स्वतःच खोडलं. मोठेपणा म्हण किंवा कोलांटउडी, पण मित्राला न काढता कलम काढता येतं याचा दाखला आहे.

मग गट फुटला कशाने? बोटीने. सुझा १९४९ ला लंडनला, रझा १९५० ला पॅरिसला, बाकरे १९५१ ला लंडनला. दोन वर्षांत निम्मा गट पाण्यापलीकडे. मागे गायतोंडे, सामंत, कृष्ण खन्ना आले, भानू राजोपाध्येही (पुढच्या भानू अथैया) एका प्रदर्शनात होत्या. पण मूळ आच गेली होती, १९५६ ला मिटलं.

बाकरे सहांतले एकटे शिल्पकार. १९७५ मध्ये परत आले आणि मुरूडला राहिले, १८ डिसेंबर २००७ ला तिथेच गेले. मी मुरूडच्या रस्त्याने सायकलवरून शेकडो वेळा गेलो असेन. एकदाही आत वळलो नाही. काय बोलायचं, इंग्लंडात राहून आलेला माणूस, आपण शाळामास्तर. हा संकोच मला अजून खातो.

आमचाही एक गट होता, ८० च्या दशकात, तुमच्याहून लहान, चौघांचा. फुटला तो भिंतीवरून. हॉलमध्ये ट्यूबलाइट एकाच भिंतीला होती. त्या भिंतीवर कोणाची चित्रं लागावीत यावर सहा तास वाद झाला आणि तोंडाने आम्ही सेझान, घनवाद, भारतीयत्व असं सगळं बोललो. 'ट्यूब' हा शब्द कोणी काढला नाही.

कुडाळचो संकासूर · १० जुलै, दुपारी १:०५

मास्तरांनू, झकास. बाकी ह्या सगळा वाचून एक विचारतंय. मेल्या, ॲडमिन कोण होतो? तूच ना? तूच काढलंस, आणि आता पॅरिसात काय झाला ता विचारतंस?

आमच्या दशावतारात कंपनी फुटता तेव्हा कोण तत्त्व सांगणा नाय. "माका रात्रीचे दोनशे कमी दिल्यान" असा सरळ सांगतत आणि दुसऱ्या कंपनीत जातत. वर्षान परत पेटाऱ्याक हात लावूक येतत. जाहीरनामो नसलो की परत येवचो रस्तो मोकळो ऱ्हवता.

साळगाव · १० जुलै, संध्याकाळी ७:३०

सुझाच्या गावचा आहे म्हणून एवढंच. सुझाला गोव्यातले लोक आज अभिमानाने आपला म्हणतात. पण त्याने काढलेले क्रूस, सुळावरचे ख्रिस्त आणि उघडी माणसं बघून इथे कोणी पाठ थोपटली असती असं समजू नका. गटात राहून त्याला जेवढं मिळालं त्याहून जास्त गट सोडून मिळालं. सगळ्याच फुटी वाईट असतात हे गृहीत का धरायचं?

दिल्लीचा 'ग्रुप १८९०' आठवा. भावनगरच्या ज्या घरात ठरलं त्या घराचा नंबर १८९०, तेच नाव, म्हणजे नावावरून भांडण नाही. बारा चित्रकार. १९६३ मध्ये एक प्रदर्शन, उद्घाटनाला नेहरू, पुस्तिकेत लिहायला ऑक्ताव्हिओ पाझ, जो तेव्हा मेक्सिकोचा राजदूत होता आणि ब्रेताँचा दोस्त. त्यानंतर दुसरं प्रदर्शन झालंच नाही. एकाच्या बळावर आजही नाव आहे.

पाचवी · १० जुलै, रात्री १०:५२

'आणखी एक जण आपणहून बाहेर पडली' ती मी. नाव बदलून बसला आहेस, पण पेट्यांच्या थप्पीवरून ओळखलं.

तू सगळं खरं लिहिलंस, फक्त अर्धं. बाकीचं मी लिहिते.

कलम तीन लिहिलं कोणी? तू. बँकेतून साडेपाचला सुटून शेडवर यायचास आणि आम्हाला सांगायचास की विकण्यासाठी काढू नये. मी शाळेत आहे, मलाही पगार आहे, म्हणून मीही सही केली. आपल्या पाचांत पगार नसलेला एकच होता.

त्याचे वडील काय करतात हे तुला माहीत आहे. हर्णै बंदरात होड्यांना रंग लावतात, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नावं घालतात. तो सातवीत असल्यापासून त्यांच्या हाताखाली आहे. आपण जिला 'टुरिस्टी प्रतिमा' म्हणालो (शब्द तुझाच), ती त्याने आतून, बाहेरून, खालून खरवडलेली आहे. ती १४ चित्रं तू पाहिलीस तरी का? मी पाहिली. एकातही समुद्र नाही, सूर्यास्त नाही. पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या होड्या आहेत, झावळ्यांखाली झाकलेल्या, नुसते काळे-करडे आकार. तीन चित्रांत तर ती होडी आहे हे सांगावं लागतं. रिसॉर्टवाल्याने घेतली कारण मॅनेजरला वाटलं की 'ॲबस्ट्रॅक्ट' आहेत!

आणि दुसऱ्या प्रदर्शनाच्या फ्रेमांचे ११,५०० रुपये. तू म्हणालास गटाच्या फंडातून दिले. फंडात दोन हजार होते. बाकीचे त्याने घातले, ह्याच होड्यांच्या आगाऊ रकमेतून. मला महिन्यापूर्वी कळलं, त्याने कोणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. आता सांगते.

सही खाली गटाचं नाव घालायला नको होतं, हे मीही त्याला म्हणाले. त्यावर त्याने विचारलं, "मग फ्रेमांचे पैसे कोणाच्या नावाने देऊ?"

मास्तर, एक तुम्हालाही. तुमच्या पॅरिसच्या यादीत एकही बाई नाही. काढायच्या यादीतही नाही. मेरेट ओपेनहाइमने केसाळ कपबशी केली, लिओनोरा कॅरिंग्टनने घोडे आणि तरस रंगवले, आणि वादाच्या बैठकींत त्यांची नावं शोधावी लागतात. बहुतेक त्या काम करत असाव्यात.

निवृत्त ड्रॉइंगमास्तर · ११ जुलै, सकाळी ६:०२

बाई, कान धरला. तो टोला बसला.

आणि मुला, माझी ट्यूबलाइट सापडली.

कुडाळचो संकासूर · ११ जुलै, सकाळी ९:१८

साडेअकरा हजार! आणि तू तेका व्हॉट्सॲपवरना काढलंस. पॅरिसवाल्यांनी निदान छडी तरी वापरल्यानी, समोर उभे ऱ्हवान.

खाडीपलीकडचा · १४ जुलै, रात्री ९:२५

तीन दिवस उत्तर दिलं नाही.

फ्रेमांचं खरंच माहीत नव्हतं. कलम तीन मी लिहिलं हे मुद्दाम गाळलं, ते मान्य. पहिला मजकूर लिहिताना दोनदा टाइप करून खोडलं होतं.

उरलेल्या दोघांशी बोललो. एक म्हणाला कलम तीन काढून टाकू. दुसरा म्हणाला जाहीरनामाच काढून टाकू. त्यावरून त्यांचं जुंपलं, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

रविवारी हर्णैला गेलो. मासेमारी बंद असल्यामुळे बंदर थंड, बहुतेक होड्या वर काढून झाकलेल्या. तो शेवटच्या रांगेत एका होडीपाशी होता. मालकाला ३१ जुलैला बंदी उठायच्या आत उतरवायचीय, म्हणून पावसाच्या उघडिपीत काम चालू होतं. वर प्लास्टिकचा कागद ताणलेला. मी आल्याचं बघून त्याने 'ये'ही म्हटलं नाही आणि 'जा'ही नाही. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो, दापोलीपासून गाडीवर वाक्य जुळवत. दीड वाक्य बोललो असेन. तो म्हणाला, "दोरी धर."

खडू लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून मधे सोडायची, म्हणजे फळीवर सरळ रेघ उमटते. पण नाळेची फळी दोन बाजूंनी वळलेली असते, सरळ रेघ तिथे वाकडी दिसते आणि वाकडी मारली तर सरळ. हे मला कळायला अर्धा तास गेला. नाव होतं 'जलकन्या'. 'ज' आणि 'ल' त्याने घातले. 'क' मी घातला, वाकडा आला. त्याने रॉकेलच्या फडक्याने पुसला, ब्रश परत माझ्या हातात दिला.

"उभ्या रेघेपासून सुरू कर. गोल नंतर."

दुसरा बरा आला. पाऊस आला म्हणून 'न्या' राहिलाय. पुढच्या रविवारी बोलावलंय. ग्रुपमध्ये परत घालू का विचारलं, तर म्हणाला, "नको, फोन भरतो."